पाण्याचा ब्रेक

२०१४च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या वेळी मी न्यू जर्सीत नवा होतो. शेजारचा अमेरिकन गृहस्थ गॅरेजसमोर उभा राहून मला म्हणाला, "नव्वद मिनिटं पळायचं आणि शेवटी शून्य-शून्य? बघवतं कसं तुम्हाला?" बेसबॉलवर वाढलेला माणूस. मी पडलो कोल्हापूरचा. पाटाकडील विरुद्ध शिवाजी, म्हणजे आमच्याकडच्या तालमींच्या फुटबॉल संघांची मॅच असली की शाहू स्टेडियमला पोलीस बंदोबस्त लागतो, हे त्याला कुठल्या इंग्रजीत सांगणार? हसून घरात आलो.

आज तोच माणूस शनिवारी सकाळी साडेसातला आर्सेनल या इंग्लिश क्लबची जर्सी घालून टीव्हीसमोर बसलेला असतो. गेल्या महिन्यात त्याने ऑफसाइडवरून माझ्याशी अर्धा तास वाद घातला. वर त्याचंच बरोबर निघालं.

हे झालं कसं, याची सोपी उत्तरं फिरत असतात. त्यातलं सगळ्यात लाडकं म्हणजे मेस्सी. तो जुलै २०२३मध्ये मायामीला आला, पहिल्याच मॅचमध्ये शेवटच्या क्षणी फ्री किकवर गोल मारला, आणि मग अमेरिका फुटबॉलवेडी झाली म्हणे. अहो, मेस्सी यायच्या आधीच इथल्या मेजर लीग सॉकरमध्ये, म्हणजे फुटबॉलच्या लीगमध्ये, २९ संघ होते! १९९६ला सुरुवात झाली तेव्हा फक्त १० होते. मेस्सी आयत्या ताटावर बसला, एवढंच. (त्याने ताट सजवलं, हे कबूल.)

नुसत्या मोठ्या नावाने खेळ रुजत असता तर तो पेलेने कधीच रुजवला असता. १९७५मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉस या क्लबकडे आला, तेव्हाच्या जुन्या लीगमध्ये. १९७७ साली आमच्याच न्यू जर्सीतल्या जायंट्स स्टेडियममध्ये कॉसमॉसच्या एका मॅचला ७७ हजारांवर माणसं होती. आणि १९८४चा हंगाम संपला तशी ती लीगच बंद पडली. नाव गेलं, गर्दी गेली.

मग १९९४चा वर्ल्ड कप. फक्त ५२ मॅचेस आणि ३५ लाखांहून जास्त प्रेक्षक. पुढे संघ वाढले, मॅचेस वाढल्या, तरी २०२२च्या कतारपर्यंत तो आकडा कोणाला ओलांडता आला नाही. म्हणजे बघायला येणारा माणूस तेव्हाही होता.

पण १९९६ची नवी लीग काढणाऱ्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता. त्यांना वाटलं, अमेरिकन माणसाला बरोबरी पचणार नाही, त्याला घड्याळ उलटं पळायला हवं. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत ४५ वरून शून्याकडे जाणारं घड्याळ लावलं. बरोबरी झाली की खेळाडू ३५ यार्डांवरून बॉल घेऊन एकटा गोलकीपरवर धावायचा, पाच सेकंदांत काय ते कर. जुन्या लीगमधलाच प्रकार पुन्हा. ज्यांना फुटबॉल आवडत नव्हता ते या तमाशाने आले नाहीत, आणि ज्यांना आवडत होता त्यांना लाज वाटायची. १९९९च्या हंगामानंतर दोन्ही गुंडाळलं. त्याच वर्षी कोलंबसमध्ये लीगचं पहिलं खास फुटबॉलसाठी बांधलेलं स्टेडियम उभं राहिलं. माझ्या मते इथला खेळ खरा तिथून पुढे वाढला. अमेरिकेची खुशामत थांबवली, तेव्हा अमेरिका आली.

पोर्टलंडला घरच्या संघाने गोल केला की एक लाकूडतोड्या चेनसॉने भल्या मोठ्या ओंडक्याची चकती कापतो आणि ती गोल मारणाऱ्याला देतात. हे कुठल्या मार्केटिंगवाल्याला सुचेल? लाकडाच्या धंद्यावर वाढलेल्या मुलखाचं ते स्वतःचं आहे. तालीमच की ती, नाव वेगळं.

दोन गोष्टी तर आपण विसरतोच. एक, २०१३पासून एनबीसी चॅनेलवर इंग्लंडची प्रीमियर लीग. इंग्लंडमधली दुपार म्हणजे इथली न्याहारीची वेळ, आणि त्या वेळेला इथला दुसरा कुठलाच मोठा खेळ चालू नसतो. शेजारी फसला तो तिथेच. दुसरी, बायका. १९७२च्या कायद्याने शाळा-कॉलेजात मुलींना खेळात बरोबरीची संधी द्यावी लागली, आणि त्यातून महिला संघाचे चार वर्ल्ड कप आले. १९९९च्या महिलांच्या फायनलला पॅसाडेनात ९० हजारांवर प्रेक्षक होते. पुरुषांचा संघ २०१८च्या वर्ल्ड कपला पात्रसुद्धा झाला नाही, त्रिनिदादकडून हरून घरी बसला. आधी पोरी जिंकल्या, मग बापांना खेळ कळला.

मीही त्यातलाच बाप. शनिवारी फोल्डिंग खुर्ची, हाफटाइमला संत्र्याच्या फोडी, या आठवड्यात खाऊ कोणी आणायचा त्याची यादी. मुलीच्या क्लबची वर्षाची फी सांगितली की गावाकडचे मित्र म्हणतात, एवढ्यात इकडे अख्खा संघ उभा राहील. गांधी मैदानावर अनवाणी खेळलेल्या माणसाने ती फी भरताना काय वाटतं ते विचारू नका. ज्या पोरांच्या घरात हा खेळ रक्तातच आहे, त्यातली बरीच याच फीमुळे बाहेर राहतात. या वाढीतलं हे खोटं नाणं आहे.

आता ११ जून २०२६पासून पुन्हा इथे वर्ल्ड कप. ४८ संघ, १०४ मॅचेस, आणि १९ जुलैची फायनल आमच्या इथे, जुनं जायंट्स स्टेडियम होतं त्याच्या शेजारच्याच मेटलाइफमध्ये. तिथे कृत्रिम गवताच्या जागी खरं गवत. खेळासाठी एवढा मान! आणि दुसरीकडे फिफाने ठरवलंय की प्रत्येक हाफच्या मध्यावर तीन मिनिटांचा पाण्याचा ब्रेक. ऊन असो नसो, छप्पर बंद असो, प्रत्येक मॅचला. फायनलला हाफटाइम शोही. खेळाडूंची काळजी घ्या, उन्हात पाणी द्याच. पण बंद छपराखाली, एसीत, कोणाला ऊन लागतंय? मला तर त्या तीन मिनिटांत जाहिरातीच दिसतात. पंचवीसेक वर्षांपूर्वी जी चूक इथल्या लीगने सुधारली, ती आता जगाची संघटना करायला निघालीय. तीही नेमकी इथे, लोक खेळ आहे तसा बघायला शिकल्यावर.

रविवारी शेजाऱ्याला हे सांगितलं. तो गवत कापायचं मशीन बंद करून उभा राहिला.

"म्हणजे चार क्वार्टर?"

"जवळपास."

"आणि मध्ये जाहिराती?"

"लागतीलच की."

त्याने जर्सीच्या बाहीने घाम पुसला. "मग बेसबॉल काय वाईट होता?"