तांब्याच्या पिरॅमिडने अवकाश वाकत नाही

गुडघ्याचे व्यायाम आत्याने तीन आठवड्यांपूर्वी सोडले. खुर्चीखाली अडीचशे ग्रॅमचा तांब्याचा पिरॅमिड ठेवलाय. विचारलं तर तिने मोबाईलच पुढे केला: ‘गुरुत्वाकर्षण हे बल नसून भूमिती आहे, हे आइन्स्टाइनने सिद्ध केलं. आता चारही मूलभूत बलं भूमितीत एक झाली आहेत. म्हणूनच पिरॅमिडचा आकार घरातलं अवकाश वाकवतो, शरीराचा भार उतरतो, सांधेदुखी थांबते. पाचवी मिती म्हणजे आत्म्याचं जग.’

पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे, आणि राग त्याचाच येतो. त्याच्या आडून बाकीचं खपवलंय. आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धांतात गुरुत्व म्हणजे अवकाशकालाची, म्हणजे जागा आणि वेळ मिळून बनलेल्या विणीची, वक्रता, हे कबूल. पण वाकवतं कोण? वस्तुमान आणि ऊर्जा. त्या तांब्याचा गोळा करा, पत्रा करा, पिरॅमिड करा. तांबं अडीचशे ग्रॅमच राहतं.

आणि वाकवतं तरी किती? अख्ख्या पृथ्वीने केलेल्या वक्रतेमुळे जीपीएस उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला ४५ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दहा लाखावे भाग) पुढे जातं. वेगामुळे ७ मागे पडतं, उरलेल्या ३८ ची दुरुस्ती करावीच लागते. एवढ्या प्रचंड पृथ्वीचा हा हिशेब! वीतभर अंतरावरून तो पिरॅमिड गुडघ्याला जेवढा ओढेल, ते पृथ्वीच्या ओढीच्या एक अब्जांशाहूनही कमी. शिवाय तो खुर्चीखाली आहे, म्हणजे ओढला तर खालीच ओढणार. भार उतरेल कसा?

आत्याला आकडे नको होते. मग स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला, साखरेची पिशवी ठेवली. ५०६ ग्रॅम. पिरॅमिड शेजारी ठेवला, वर धरला. ५०६. ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली.

चार बलांच्या दाव्यात अर्धं सत्य आहे. गणितज्ञ वाइल यांनी १९२९ मध्ये आणि भौतिकशास्त्रज्ञ यांग व मिल्स यांनी १९५४ मध्ये जी वाट घालून दिली, तिच्यावर उरलेली तीन बलंही (विद्युतचुंबकीय, आणि अणुकेंद्रातली प्रबल व दुर्बल) वक्रतेच्या भाषेत लिहिता येतात. पण ही वक्रता दिवाणखान्यातल्या जागेची नाही. प्रत्येक बिंदूला जोडलेल्या एका गणिती अवकाशाची आहे. शब्द एक म्हणून वस्तू एक होत नाही. आणि गुरुत्वासकट चारही बलं एकत्र आणणारा, प्रयोगाने सिद्ध झालेला सिद्धांत आजही नाही.

पाचवी मिती गणितज्ञ कालुझा यांनी १९२१ मध्ये मांडली ती गुरुत्व आणि विद्युतचुंबकत्व जोडायला. आत्म्याचा तिथे काही संबंध नाही.

उद्या सकाळी दहाला फिजिओथेरपी आहे, मी सोबत जातोय. पिरॅमिड आत्यानेच उचलून शोकेसमध्ये ठेवला.