मुलाला कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटला पाठवू का?

2024 च्या सुरुवातीला अंधेरीच्या नव्या गोखले पुलाची एक बाजू वाहतुकीला खुली झाली आणि शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी तिची पातळीच जुळेना. फोटो इंग्लंडात माझ्यापर्यंत पोचायला तासभरही लागला नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर निकालही लागून गेला: आपल्या इंजिनियरांना काही येत नाही, बाहेर शिकल्याशिवाय सुधारणार नाहीत. त्याच ग्रुपवर दर उन्हाळ्यात मला विचारणा होते, "मुलाचं सिव्हिल झालंय, तिकडे कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटला पाठवू का?" मी इथे एका ठेकेदार कंपनीत तेच काम करतो, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे येणं साहजिक आहे. पण निकाल आणि प्रश्न, दोन्हींमागची समजूत मला पटत नाही.

आधी पुलाचं बोलू. रेल्वेच्या नव्या निकषांमुळे रुळांवरच्या पुलाची उंची वाढली आणि शेजारचा उड्डाणपूल जुन्याच पातळीवर राहिला. पुढे तो जॅकने उचलून जोडावा लागला. म्हणजे दोष पुस्तकी इंजिनियरिंगचा नव्हता. पातळी जुळणार नाही हे कुणी, कुठल्या दिवशी, कुणाला लेखी कळवलं आणि त्यावर निर्णय कोण घेणार होतं, हा खरा प्रश्न. आमच्या विषयाचा गाभा तोच आहे. बार चार्ट, क्रिटिकल पाथ, प्रायमावेरा सॉफ्टवेअर ही वेळापत्रक आखायची हत्यारं झाली, आणि ती शिकायला समुद्र ओलांडायची गरज नाही. आपल्याकडची निकमार ही संस्था 1983 पासून हाच विषय शिकवतेय.

इथे वेगळा आहे तो करार. ब्रिटनमध्ये सार्वजनिक कामांत एनईसी नावाचे प्रमाण करार सर्रास वापरतात. खर्च वाढेल किंवा काम लांबेल अशी चाहूल लागली की ठेकेदार आणि मालकाचा प्रोजेक्ट मॅनेजर, दोघांनाही एकमेकांना आगाऊ इशारा देणं त्यात बंधनकारक असतं. अनुभवी ठेकेदाराला जे आधी दिसायला हवं होतं ते त्याने दडवलं, तर भरपाईचा हिशेब त्याने वेळेत सांगितलं होतं असं धरून होतो. गप्प राहण्याची किंमत त्याच्याच खिशातून जाते. भरपाई मागण्याची सूचनाही घटना कळल्यापासून आठ आठवड्यांत द्यावी लागते, नाहीतर बहुतेक बाबतींत हक्क जातो. त्यामुळे नुकता लागलेला पोरगाही बिनधास्त लिहितो की ड्रॉइंग आलेलं नाही, पायलिंग (पायाचे खांब जमिनीत घालणं) दोन आठवडे लांबणार. त्याला कुणी तक्रारखोर म्हणत नाही.

आपल्याकडे हे नाही असं मुळीच नाही. सरकारी कामांवर हिंड्रन्स रजिस्टर, म्हणजे अडथळ्यांची नोंदवही असते. जागा ताब्यात मिळाली नाही, विजेची तार हलवली नाही, हे ज्या त्या दिवशी त्यात नोंदवायचं असतं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ते भरलं जातं मुदतवाढ मागायची वेळ आली की, एका बैठकीत, एकाच पेनाने. वेळच्या वेळी लिहू पाहणाऱ्या ज्युनियर इंजिनियरला ऐकावं लागतं, "तुला काम करायचंय की पत्रं लिहायचीत?" रजिस्टरात खोट नाही; लिहिणाऱ्याला संरक्षण नाही. परदेशी पदवी ते देत नाही.

आणि इथेही सगळं आलबेल नाही. लंडनची क्रॉसरेल ही नवी रेल्वे डिसेंबर 2018 मध्ये सुरू व्हायची होती. उशीर होणार हे जाहीर झालं त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर, आणि मुख्य मार्ग उघडला मे 2022 मध्ये. तिथेही एनईसी करार होते, इशाऱ्यांची सोय होती. वरच्या मजल्यावर ऐकून घेणारं कुणी नसेल तर कागद बिचारा काय करणार! लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीच्या आगीत 2017 मध्ये 72 माणसं गेली. चौकशीत जो तो जबाबदारी दुसऱ्यावर ढकलत होता. त्यानंतर 2022 चा बिल्डिंग सेफ्टी कायदा आला, आणि उंच निवासी इमारतींबाबत कुठला निर्णय कुणी घेतला याची नोंद जपणं सक्तीचं झालं. शहाणपण इथेही ठेच लागल्यावरच आलं.

म्हणून विचारणाऱ्या काकांना माझं उत्तर ठरलेलं असतं: बीई झाल्याझाल्या पाठवू नका. दोनेक वर्षं साइटवर राहू दे. सेंट्रिंगवाल्याशी हुज्जत घालू दे, मेजरमेंट बुकात झालेल्या कामाची मापं लिहू दे, आरए बिल (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने द्यायचं बिल) कुठे अडतं ते बघू दे. इथला एमएससी बहुधा वर्षभराचा असतो आणि नंतर नोकरी शोधायला मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी दीड वर्षाचाच आहे. पीएचडीवाल्यांचं वेगळं. कर्ज काढून येणाऱ्याने हे गणित आधी मांडावं. मुलाखतीत आम्ही सॉफ्टवेअरबद्दल एखादाच प्रश्न विचारतो. बाकी वेळ जातो तो "काम रखडलं तेव्हा तुम्ही काय केलंत?" यावर, आणि साइट न पाहिलेला मुलगा नेमका तिथेच अडखळतो.

ज्यांना यायचंच नाही, त्यांनी पुण्यात किंवा नागपुरात मुलाखत देताना एक प्रश्न उलटा विचारावा: चालू कामाचं हिंड्रन्स रजिस्टर कोण भरतं, आणि शेवटची नोंद कधीची आहे? नोंद याच आठवड्यातली निघाली, तर पगार थोडा कमी असला तरी ती नोकरी घ्यावी.