लिक्विड पॅराफिन म्हणजे रॉकेल नव्हे

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: ‘ब्रिटनमध्ये रॉकेललाच पॅराफिन म्हणतात, म्हणजे पोट साफ करायच्या औषधात आणि बेबी ऑइलमध्ये असलेलं लिक्विड पॅराफिन हे रॉकेलच!’

यातला पहिला भाग खरा आहे. स्कॉटलंडच्या जेम्स यंगने 1850 मध्ये कोळशापासून पॅराफिन तेल काढण्याचं पेटंट घेतलं, आणि दिव्याच्या तेलाला ब्रिटनमध्ये तेच नाव चिकटलं. अमेरिकेत त्याला केरोसीन म्हणतात. तिथे नुसतं पॅराफिन म्हटलं तर मेणबत्तीचं मेण समजतात.

औषधातलं लिक्विड पॅराफिन मात्र तिसरीच गोष्ट आहे. अमेरिकेत त्याला मिनरल ऑइल म्हणतात. दोन्ही निघतात खनिज तेलातूनच, पण रॉकेल हलकं, साधारण 150 ते 300 अंश सेल्सियसला उकळणारं. लिक्विड पॅराफिन त्याहून जड, अतिशय शुद्ध केलेलं. हातावर थेंब घ्या: दाटसर, पाण्यासारखं स्वच्छ, वास जवळजवळ नाहीच. रॉकेलचा वास झाकण उघडताच कळतो. औषधाच्या बाटलीवर ‘आयपी’ लिहिलेलं असतं, म्हणजे ते भारतीय औषधकोशाच्या निकषांनुसार बनलेलं.

हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. कुणी घाबरून चालू औषध बंद करेल, आणि त्याहून वाईट म्हणजे ‘दोन्ही एकच’ समजून कुणी रॉकेल पोटात घेईल. रॉकेल फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं. चुकून कुणी प्यायलंच तर उलटी करायला लावू नका, लगेच दवाखान्यात न्या.