काचेतले मासे काचेतच राहतात?

नमस्कार,

परदेशी शोभेच्या माशांबरोबर येणाऱ्या परजीवींवर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं: मासे काचेत असतात, बाहेर जात नाहीत, परजीवीमुळे अंगावर येणारे पांढरे ठिपके मीठ टाकून, हीटर वाढवून जातात, त्याचा एवढा बाऊ कशाला, आणि असं लिहून मी बंगालमधल्या हावडा आणि चेन्नईतल्या कोलथूरच्या छोट्या मासे-पैदासकारांच्या पोटावर पाय देतोय.

मिठाचं खरं आहे. पण त्याने मरतात ती या परजीवीची पाण्यात मोकळी पोहणारी पिल्लं. कातडीखाली बसलेला ठिपका मिठाला दाद देत नाही. तो पिकून तळाशी पडतो, फुटतो आणि त्यातून शेकडो नवे निघतात. म्हणूनच ठिपके गेल्यावरही उपचार चालू ठेवावे लागतात. तरी ठिपके डोळ्यांना दिसतात, हे आपलं नशीब. माझी तक्रार न दिसणाऱ्यांबद्दल आहे.

गप्पीतला लाल जंत घ्या, कॅमॅलॅनस कॉटी. मासा शांत उभा असला की गुदद्वारातून दोन-तीन विटकरी धागे डोकावतात. मासा हलला की आत. आपण तर दुकानात मासा चपळ आहे ना, एवढंच बघून पिशवी बांधून घेतो! धागे दिसतात तोवर जंत पुरता वाढलेला असतो. निसर्गात त्याच्या पिल्लांना एका माशातून दुसऱ्यात जायला मध्ये सायक्लॉप्ससारखा पाण्यातला बारीक जीव लागतो. टाकीत सायक्लॉप्स नाहीत, म्हणजे साखळी तुटली असं कुणालाही वाटेल. पण नॉर्वेतल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं की तो माशाकडून माशाकडे थेटही जातो. निर्यातदाराकडे चार शेतांवरचे मासे एका टाकीत दाटीने ठेवतात, तिथे त्याला आणखी काय हवं?

आता 'बाहेर जात नाहीत' याबद्दल. या जंताचं पहिलं वर्णन १९२७ चं, जपानमधलं. १९९० च्या दशकात तो हवाईच्या ओढ्यांतल्या मूळच्या माशांच्या आतड्यांत सापडला. तिथे या माशांना ओओपू म्हणतात. त्यांची पिल्लं समुद्रात वाहून जातात आणि मोठी होताना पुन्हा ओढ्यात शिरतात. त्यातली एक जात तर तोंडाने आणि पोटाखालच्या चूषकाने कातळाला धरत धबधबा चढते. अशा माशाच्या पोटात आशियातला जंत पोहोचला तो बाहेरून आणून सोडलेल्या गप्पी-स्वोर्डटेलच्या कुळातल्या माशांबरोबर. काही डास खावेत म्हणून सोडले होते, काही टँकमधले. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कॅनिंग नदीतही तिथल्या मूळच्या माशांच्या अंगात रुतलेला अँकर वर्म नावाचा परजीवी सापडला आहे, आणि तोही बाहेरूनच आलेला. याच किड्याला गोल्डफिशने जगभर फिरवलं.

आपल्याकडेही डासांसाठी गप्पी सोडतातच. आणि घर बदलताना टँकमधले मासे जवळच्या तळ्यात सोडून पुण्य कमावणारे तुम्हालाही माहीत असतील.

आरोग्य प्रमाणपत्र असतंच की, असंही तुम्ही लिहिलंय. ऑस्ट्रेलियात आयात गोल्डफिशला प्रमाणपत्र लागायचं, वर तीन आठवडे वेगळं ठेवायचे. तरी प्रमाणपत्र घेऊन उतरलेल्या माशांच्या कल्ल्यांवर परजीवी सापडले. त्यातल्या काहींची अंडी औषधाला जुमानत नाहीत. प्रमाणपत्र देणारा वरून मासा बघतो. प्रत्येकाचा कल्ला सूक्ष्मदर्शकाखाली कोण धरणार?

पोटावर पाय देण्याचं म्हणाल, तर मला उलटंच दिसतं. सिंगापूरहून आलेल्या खोक्यात जंत निघाला तर मोठा आयातदार तो तोटा पचवतो. त्याच्याकडून चार जोड्या घेऊन घरामागच्या सिमेंटच्या टाक्यांत पैदास करणाऱ्याचा मात्र अख्खा हंगाम जातो. त्याला कुणी भरपाई देत नाही. नवा माल महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवायचा, त्याची जाळी वेगळी ठेवायची आणि पिशवीतलं पाणी टाकीत किंवा नाल्यात ओतायचं नाही, एवढं त्याला वेळेवर कुणी सांगितलं तर त्याचा धंदा वाचतो. लेखात मी तेच सांगत होतो. मासे पाळू नका, असं त्यात कुठेही नाही.

तुमच्याकडे वीस वर्षांपासून टँक आहे म्हणता. नवा मासा आणलात की तो थेट सोडता, की आधी वेगळ्या टबात? तेवढं मात्र तुम्ही प्रतिक्रियेत लिहिलं नाहीत.