दुय्यम प्रत

गेल्या मंगळवारी माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्याला स्टेपलरची पिन बसली. कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या तीन नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी ती मारली, आणि मारली ती बरोबर मुख्याध्यापकांच्या सहीच्या पोटात. हा दाखला अण्णांनी शाळेत दोन दिवस हेलपाटे घालून काढला होता आणि कराडच्या स्टँडसमोर लॅमिनेट करून आणला होता. चोवीस वर्षांत त्यानं माझ्याबरोबर सात घरं बदलली. एकदा पाण्याची पाइप फुटून खोकंच्या खोकं भिजलं, लग्नाचे फोटो गेले, पण दाखला कोरडा निघाला. पाइपला जे जमलं नाही ते बाईंनी एका बोटात केलं.

हे रामायण घडलं, कारण मला इंग्रजी घेऊन बी.ए. करायचंय. वय विचारू नका, दाखल्यावर आहे. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला लग्न झालं, मग व्हिसा, मग मुलगी, मग मुलीच्या शाळेच्या गाड्या. तीन वर्षांपूर्वी एकदाचं कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. मावशीनं फोनवर विचारलं, "म्हणजे काय गं, समाजमंदिरात भरतं का?" समाजमंदिरात नाही भरत. या राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ४६ डॉलर फी. साठ युनिट जमवले आणि घोडं गंगेत न्हालं की एकदम तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जाता येतं. मावशीला हे पटलं. पटलं नाही ते इंग्रजी. इथल्या मंडळातही कुणाला पटलेलं नाही. गणपतीत एका वहिनींनी प्रसादाची वाटी हातात तशीच ठेवून विचारलं, "इंग्लिश? अगं पण तुला येतं की इंग्लिश!" म्हणजे पोट दुखत नसताना डॉक्टरकडे निघाल्यासारखं.

तर ट्रान्सफर. इंग्रजी कॉम्पोझिशनचे दोन कोर्स सगळ्यांनाच लागतात, ते झाले. ब्रिटिश साहित्याचा आढावा झाला. त्यात चॉसर हा जुना कवी आला. सर म्हणाले, बघा, केवढी जुनी भाषा, चॉसर वारला तो १४०० साली. वर्गातली एकोणीस वर्षांची पोरं आ वासून बघत राहिली. मी मनात म्हटलं, आमच्या माउलींनी त्याच्या १०४ वर्षं आधी समाधी घेतली. पण हात वर केला नाही. मागे एकदा केला होता, तेव्हा सगळ्यांनी फार आदरानं ऐकून घेतलं होतं. त्या आदराचा मला धसका आहे.

विद्यापीठात ॲडमिशनही झाली. राहिलं ते एक सर्टिफिकेशन. आयगेटसी (IGETC) म्हणतात त्याला. कोर्सच्या चौकटी असतात आणि एकेक चौकट भरली की खूण होते. माझ्या सगळ्या चौकटी भरल्या होत्या, सहावी सोडून. सहावी चौकट: इंग्रजीखेरीज एक भाषा येत असल्याचा पुरावा.

मी हसले. मोठ्यांदा हसले. तेच नडलं असावं.

नियम तसा सोपा आहे. सहावीपासून पुढे, इंग्रजी माध्यम नसलेल्या शाळेत, बऱ्या मार्कांनी दोन वर्षं काढलेली असली की झालं. मी तर दहाही वर्षं काढली. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला यायचं. पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली, तोवर मी कॉलेजात पोचले होते. दहावीचं मार्कशीट घेऊन खिडकीशी गेले. बाई म्हणाल्या, "हनी, हे एकाच वर्षाचं आहे. आम्हाला दोन हवीत." मग मी पाचवी ते दहावी असं स्वच्छ लिहिलेला दाखला काढला. पुढचं संभाषण अर्थात इंग्रजीत झालं. मी ते मराठीत लिहिते आहे, कारण मला मराठी येतं असं आता माझ्याकडे प्रमाणपत्र आहे.

"हे कुठल्या भाषेत आहे?"

"मराठीत."

"आणि शिक्षणाचं माध्यम?"

"मराठी. हे बघा, इथे लिहिलंय."

बाईंनी गळ्यातल्या साखळीचा चष्मा चढवला. "मला हे वाचता येत नाहीये."

"तेच. कारण ते इंग्रजी नाही."

"हनी, कशावरून ते तेच म्हणतंय?"

या प्रश्नाला उत्तर नाही. मी आजवर पुष्कळ विचार केलाय. मराठीत लिहिलेला कागद मराठीत आहे हे ज्याला मराठी येत नाही त्याला कसं पटवायचं? "मी भाषांतर करून देते," म्हटलं, "इंग्रजीचीच विद्यार्थिनी आहे." बाई खूप मायेनं हसल्या. स्वतःच्या कागदाचं भाषांतर स्वतः करता येत नाही. अधिकृत भाषांतरकार हवा, त्याला दहा दिवस, आणि कागद पोचायची मुदत तर डोक्यावर आलेली. मग त्यांनी कॉम्प्युटरवर भाषांची यादी उघडली. 'म'मध्ये मँडरिन सापडली. मराठी नाही. २०११च्या जनगणनेत आम्ही ८ कोटी ३० लाख होतो. ३ ऑक्टोबर २०२४ला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर दोनशे हार आणि तुताऱ्या आल्या. बाईंनी ती अभिजात भाषा 'इतर'मध्ये टाकली.

"नाहीतर असं कर," बाईंना उपाय सुचला, "उन्हाळ्यात स्पॅनिश वन घेऊन टाक. फक्त पाच युनिट."

म्हणजे २३० डॉलर भरून मी स्पॅनिश शिकायची, कशासाठी, तर मला इंग्रजीशिवाय एखादी भाषा येते हे सिद्ध करायला.

माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. त्यांनी मागे वळून हाक मारली आणि आतून एक विद्यार्थी मदतनीस आला. घर लखनौचं, जन्म इथल्याच फ्रेमाँटचा, कानात एकच इअरबड. लहानपणी रविवारी मंदिरात हिंदीच्या वर्गाला जायचा. "तुला हे वाचता येईल ना?" बाईंनी दाखला त्याच्यापुढे सरकवला. पोरगं गोड होतं. त्यानं बोट ठेवून, एकेक अक्षर लावत, अख्ख्या रांगेसमोर माझा दाखला वाचायला घेतला.

"शा-ला... सोड... छोड..." तो थांबला. मग उजळला. "आय थिंक, ही शाळा सोडून गेली असं लिहिलंय."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हनी, तू शाळा सोडली होतीस?"

"हो. म्हणजे नाही. दहावी झाल्यावर सोडली. सगळेच सोडतात."

"सगळेच?" बाईंचा आवाज खाली आला. माझ्या मागच्या मुलीनंही फोनमधून डोकं वर काढलं. त्या एका क्षणात मी अख्ख्या सातारा जिल्ह्याला अर्धवट शिकलेला ठरवून बसले होते.

"सोडण्याचं कारण दिलंय," मी घाईघाईनं म्हटलं, "ते वाच ना बाळा."

"एस. एस. सी... उत्... उत्ती..." पोरगं अडकलं. 'उत्तीर्ण' काही मंदिरातल्या वर्गात शिकवत नसणार. "कुठली तरी मेडिकल कंडिशन आहे का, आंटी?"

मग त्यानं वर्तणूक वाचली. चांगली. ते त्याला 'चंगा' म्हणून कळलं, तेवढाच मला आधार. मग त्याचं बोट जातीच्या रकान्याकडे निघालं. मी तिथे अंगठा ठेवला. का ठेवला माहीत नाही. त्यानं अंगठ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शहाण्या मुलासारखा पुढच्या ओळीवर गेला. एवढ्यात बाईंना कोपऱ्यातला लाल शिक्का दिसला.

"हे लाल काय आहे?"

तो शिक्का म्हणजे 'दुय्यम प्रत'. मूळ दाखला अकरावीच्या ॲडमिशनला जमा होतो, तो काही परत मिळत नाही, म्हणून शाळेतून दुसरा काढावा लागतो. महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मी म्हटलं, "डुप्लिकेट."

म्हणायला नको होतं. बाईंनी दाखला दोन बोटांत धरून माझ्याकडे परत सरकवला, दुकानदार रंग लागलेली नोट परत करतो तसा.

खरं सांगू, इथवर मला मजा येत होती. गाडीत बसल्यावर मात्र चिडचिड झाली. वीस वर्षं या देशात मला एकच गोष्ट ऐकवली गेली, की माझं इंग्रजी पुरत नाही. फार्मसीत, बँकेच्या फोनवर, मुलीच्या शाळेच्या मीटिंगमध्ये. 'पुन्हा सांगता का?' तेही हळू आणि मोठ्यानं, जसं काही मला ऐकू येत नाही. मुलगी सहा वर्षांची असल्यापासून माझ्या वतीनं पिझ्झाची ऑर्डर द्यायची, आणि मी तिला देऊ द्यायचे. तिच्यापाशी मी मराठीचाही फार हट्ट धरला नाही, तिचं इंग्रजी माझ्यासारखं होऊ नये म्हणून. मग एवढं सगळं करून इंग्रजीत दोन 'ए' मिळवले, तर म्हणे आता मराठी येतं ते दाखवा. बरं, दाखवायला घरात दुसरं माणूस आहे का, तर नवरा. तो मराठीत फक्त क्रिकेटवर बोलतो.

शेवटी बाईंनीच फोन करून वाट सांगितली, ते त्यांचं ऋण आहे. एखाद्या भाषेचे कागद धड मिळत नसतील तर कॉलेजचा प्राध्यापक ती भाषा तपासून सही देऊ शकतो. मराठीचा प्राध्यापक अर्थातच नव्हता. पण गणिताला एक सर होते, त्यांच्या आडनावाच्या शेवटी 'कर' होतं. बाईंना तेवढं पुरलं.

सरांचा जन्म न्यू जर्सीचा. खोलीत गेले तर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ये ना, बसा तू." मग लाजून, "मी मराठी फक्त आईशी बोलते... बोलतो. आता आई नाही." त्यांच्यापुढे फॉर्म होता. त्यात बोलणं, वाचणं, लिहिणं अशा तीन ओळी होत्या. सरांना मराठी अक्षर ओळखता येत नव्हतं. मी एक परिच्छेद लिहून दिला, तो त्यांनी सरळ-उलटा दोन्हीकडून बघितला आणि 'उत्तम'वर खूण केली. मग मी तोच वाचून दाखवला, त्यावरही उत्तम. "आता कायतरी बोल," ते म्हणाले.

काय बोलणार? कुणी तपासायला बसलं की माणसाला स्वतःचं नावही आठवत नाही. समोर फळ्यावर आकडे दिसले, तर तोंडातून निघालं, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी..." सरांनी डोळे मिटले. मी थांबले तर म्हणाले, "थांबू नको. आई हे भाजी कापताना करायची." मग मी तिसापर्यंत गेले. पुढे माझंच विसरलेलं होतं, पण ते तपासणाऱ्याला कळलं नाही.

मंगळवारी फॉर्म खिडकीत दिला. सहावी चौकट भरली. बाईंनी मनापासून टाळ्या वाजवल्या आणि नंतर सांगितलं, की २०२५च्या फॉल सत्रापासून नव्या मुलांना आयगेटसी जाऊन नवा नमुना आलाय, त्यात ही भाषेची अट नाहीच. मी हो हो म्हणत होते, आणि तेवढ्यात त्यांनी फॉर्मच्या मागे माझा दाखला जोडून खट्कन पिन मारली. ज्या कागदाचं काही काम नाही म्हणून चार दिवस नाचवलं, तोच कागद!

"तो परत हवाय मला," मी म्हटलं.

"अगं हो, सॉरी. पानं सुटी होऊ नयेत म्हणून."

फॉर्म त्यांनी ओढून काढून घेतला, पिन दाखल्यातच राहिली. मी बाजूच्या बाकावर बसून नखानं ती उचकटत होते, तर मदतनीस पोरगा पाणी प्यायला बाहेर आला.

"आंटी, तो शब्द काय होता? उत्ती..."

"उत्तीर्ण."

"म्हणजे?"

"पास."

"मग सरळ पास का नाही लिहीत?" म्हणाला, आणि दुसरा इअरबडही कानात घालून आत गेला.