आमटीत डाळ किती?

‘शाकाहारात प्रोटीन कुठे असतं?’ असं इथे सोशल मीडियावर कुणी लिहिलं की खाली हत्तीचा फोटो येतोच. हत्ती बघा, गेंडा बघा, रेडा बघा, सगळे शाकाहारीच की! मग समोरून वाघ येतो. दोन दिवस प्राणिसंग्रहालय चालू. अहो, हत्ती दिवसाचे सोळा-सोळा तास चरतो, १५० किलोपर्यंत चारा पोटात ढकलतो आणि तो आंबवणारे जिवाणू त्याच्या आतड्यात कामाला बसलेले असतात. आपण सकाळी चहा-खारी आणि दुपारी डब्यात तीन पोळ्या नि बटाट्याच्या काचऱ्या खाणार. हत्तीला यात ओढू नका.

मी जन्माची शाकाहारी. माहेर सोलापूरकडचं, माळकरी. अंडंसुद्धा कधी खाल्लेलं नाही. पन्नाशीच्या आसपास जिममध्ये वजनं उचलायला लागले आणि तेव्हापासून सोसायटीच्या लिफ्टमध्ये मला ठरलेले प्रश्न येतात: “काकू, प्रोटीन पावडर घेता का?” आणि “अंडं तरी खात असाल ना?” शाकाहारावर ताकद येते, हे स्वतःच्या अंगावर बघितलंय, त्यामुळे त्यावर वाद घालत बसणार नाही. माझं भांडण आहे ते आपल्या आमटीशी.

आज रात्री कुकर लावण्याआधी एक करा. डाळ वजनकाट्यावर ठेवा. चौघांच्या घरात साधारण एक वाटी तूरडाळ पडते, म्हणजे १०० ते १२० ग्रॅम. माणशी २५-३० ग्रॅम. तूरडाळीत शंभर ग्रॅमला २१-२२ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला आली साडेपाच-साडेसहा. त्यातही पाहुणा आला तर तांब्याभर पाणी वाढतं, डाळ वाढत नाही. आणि आपण समाधानाने म्हणतो, ‘आमच्याकडे रोज आमटी असते.’

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिवसाला २००० कॅलरीच्या ताटासाठी त्यांचा हिशोब असा: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम. (मांसाहारी माणसाने ८५ मधल्या काही डाळीच्या जागी अंडी-मासे घ्यावेत, एवढाच फरक.) हे सगळं कच्चं वजन आहे, शिजलेलं नाही. आता बेरीज करा. धान्यातून २५ ग्रॅम प्रथिनं, डाळीतून १८-२०, दुधातून १०, दाण्यांतून ८. साठच्या पुढे गेलो, एकही महागडा डबा न उघडता. ५५ किलोच्या बाईची रोजची गरज, किलोमागे ०.८३ ग्रॅम धरली, तर ४६ ग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे गणित सुटतं. पण ते ८५ ग्रॅम डाळीवर सुटतं, आपल्या २५ वर नाही.

मग लोक विचारतात, डाळीतलं प्रोटीन ‘अपूर्ण’ असतं ना? गहू, तांदूळ, ज्वारीत लायसीन नावाचं अमिनो आम्ल (प्रथिनं ज्या विटांनी बनतात त्यांतली एक वीट) कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन ही दुसरी वीट कमी, ती धान्यात असते. दोघं एका घासात यायलाच हवेत असंही नाही, दिवसभरात पोटात गेले तरी चालतं. आपल्याकडे तर ते एका घासातच येतात. वरणभात, भाकरी-पिठलं, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पुरणपोळी. जोडी आहेच, प्रमाण बिघडलंय. पुरणपोळीतलं पुरण आपण सढळ हाताने भरतो, वरणाच्या बाबतीत मात्र हात आखडतो, हे मला कधी कळलेलं नाही.

आमच्या गावाकडे शाकाहारी म्हणजे अशक्त ही कल्पना कुणाला सुचली नसती. गळ्यात तुळशीची माळ पडली की मटण बंद, पण नांगरट, खुरपण, मळणी यातलं काहीच बंद होत नाही. दर आषाढीला आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणाऱ्या दिंड्यांत साठी-सत्तरीची किती माणसं असतात बघा. घरचं खाणं काय, तर ज्वारीची भाकरी, पिठलं, हुलग्याची शेंगोळी, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, ताक. शेंगदाण्यात शंभराला २३-२४ ग्रॅम प्रथिनं, मटकीत विसाच्या आसपास, हुलग्यात २१-२२. ज्वारीचं साठ ग्रॅम पीठ घेतलं तर एका भाकरीत सहा. माझे वडील तीन भाकऱ्या खायचे, त्याही आजच्यासारख्या पापडाएवढ्या नव्हेत.

पण म्हणून ‘जुनं ते सोनं’ म्हणायला मी तयार नाही. त्याच घरात बायका शेवटी जेवायच्या, आणि तोवर डाळ बाप्यांच्या नि पोरांच्या ताटात गेलेली असायची. खाली उरायचं ते पिवळं पाणी. आजीच्या डोळ्यांच्या आतल्या कडा पांढऱ्याफटक होत्या, म्हणजे अंगात रक्त कमी, हे तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. आता महाराष्ट्रात बहुसंख्य लोक मांसाहार करणारे, त्यामुळे हे काही फक्त वरणभातवाल्यांचं दुखणं नाही. पण वनस्पतींतलं लोह शरीरात मुळात कमी शोषलं जातं, त्यामुळे आपण जरा जास्त काळजी घ्यायची. पोह्यांवर, उसळीवर लिंबू पिळायचं, कारण क जीवनसत्त्वाने लोहाचं शोषण वाढतं. आणि जेवणावर लगेच चहा नको, त्याने ते घटतं. माझ्या ओळखीतल्या निम्म्या बायका लोहाची गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळतात. मोड आणण्याचा फायदाही इथेच आहे. कडधान्यातलं फायटेट लोह अडवून धरतं, ते मोड आल्यावर कमी होतं. मोड आल्याने प्रथिनं दुप्पट होतात वगैरे जे फिरतं ते सोडून द्या. मूग तेवढेच राहतात, पाणी वाढतं.

कॅल्शियमचं फार अवघड नाही. दूध-दही आहे, नाचणीत शंभराला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर आहे, तिळात हजाराच्या वर. फक्त तीळ संक्रांतीपुरते ठेवू नका. पालकावर मात्र भिस्त ठेवू नका, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम सुटूच देत नाही. मेथी, शेवग्याचा पाला त्या मानाने बरा. ड जीवनसत्त्व सगळ्यांचंच कमी असतं, शाकाहारी-मांसाहारी दोघांचंही, ते तपासून डॉक्टर सांगतील तसं घ्या.

आता त्या विषयाकडे येते ज्यावर आमच्या नातेवाइकांत मी नकोशी झालेय. बी-१२.

हे जीवनसत्त्व कुठलीही वनस्पती तयार करत नाही. प्राणीही करत नाहीत, ते फक्त जिवाणू करतात. मांस, अंडी, दूध यांत ते त्या वाटेने येतं. आपल्या मोठ्या आतड्यातही ते बनतं, पण शोषलं जातं त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटाला. म्हणजे गाडी स्टेशन सोडून पुढे गेल्यावर तिकीट हातात. स्पिरुलिनात जे असतं त्यातलं बरंचसं आपल्या शरीराला वापरता येत नाही. इडलीच्या आंबवण्यावर, न धुतलेल्या भाजीवर, कुणाच्या तरी काढ्यावर विसंबून हा प्रश्न सुटत नाही. शाकाहाऱ्याला खरा आधार दुधाचा. तोही चहातल्या चमचाभर दुधाचा नव्हे, रोज दोन ग्लासांचा. नाहीतर गोळी.

यावरचं जगभर उल्लेख होणारं काम आपल्या पुण्यात झालंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. जवळजवळ दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी निघालं. २००८ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की ज्या आयांच्या रक्तात फोलेट (हेही एक ब जीवनसत्त्वच) जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर इन्शुलिनला कमी दाद देत होती, म्हणजे पुढच्या मधुमेहाची वाट. त्याआधी २००६ मध्ये याच गटाने पुणे परिसरातले पुरुष तपासले होते. शहरी मध्यमवर्गीयांत ८१ टक्क्यांना बी-१२ कमी. खेड्यापेक्षा, झोपडपट्टीपेक्षा जास्त! सुशिक्षित, सुखवस्तू, तुमच्या-माझ्यासारखी घरं ही.

तळपाय बधिर होणं, मुंग्या, जीभ लाल नि गुळगुळीत होणं, सतत थकवा, विसरभोळेपणा, ही बी-१२ कमी पडल्याची लक्षणं. यातलं निम्मं आपण ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या काही गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तरी बी-१२ कमी होतं, त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांचं एकदा तपासाच. गोळीतलं बी-१२ जिवाणूंकडूनच आंबवून करतात, त्यामुळे धर्म बुडत नाही. कॅप्सूल असेल तर कवच जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासून केलेलं, आहे का तेवढं पाहा, साधी गोळी मिळते. “आमच्या आहारात सगळं आहे, गोळी कशाला?” असं मला सांगणारे काका रक्तदाबाची गोळी न चुकता घेतात, तिथे त्यांना कमीपणा वाटत नाही.

उपवासाचं थोडक्यात सांगते, नाहीतर शिव्या पडतील. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा स्टार्च, प्रथिनं जवळजवळ शून्य. खिचडीत जी काही ताकद आहे ती दाण्याच्या कुटाची. त्यापेक्षा राजगिरा घ्या, शंभराला १३-१४ ग्रॅम प्रथिनं, आणि इतर धान्यांत कमी असलेलं लायसीनही त्यात चांगलं आहे. राजगिऱ्याची लाही दुधात, वर चार बदाम. एकादशी मोडत नाही.

ताकदीचं मात्र नुसत्या खाण्याने भागत नाही, स्नायूला भार लागतो. खुर्चीतून हात न टेकता उठणं, पाण्याची भरलेली बादली उचलणं, जमलं तर जिम. पोषण संस्थेच्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलंय की व्यायाम करणाऱ्यालाही किलोमागे १.६ ग्रॅमच्या वर प्रथिनं घेऊन जास्तीचा फायदा होत नाही. माझं रोजचं सत्तरच्या पुढे जातं. मुगाची धिरडी, दुपारी भाकरी आणि उसळ (वाटीभर, चमचाभर नव्हे), चार वाजता बिस्किटांऐवजी दाणे-फुटाणे, दूध-दही, रात्री चमचा उभा राहील असं वरण, आणि कधी सोया चंक्स, कधी पनीर. चंक्समध्ये शंभराला पन्नासच्या वर प्रथिनं, आणि पनीरपेक्षा कितीतरी स्वस्त. लातूर-वाशिमकडे सोयाबीनचे डोंगर पिकतात, त्याचं तेल आपण खातो आणि प्रथिनांची पेंड मुख्यतः कोंबड्यांना जाते. मग ‘शाकाहारात प्रोटीन नाही’ म्हणून कोंबडीकडे बोट दाखवायचं!

वृद्धांचं बघून तर जीव तुटतो. साठीनंतर स्नायू झपाट्याने उतरतात, तेव्हा किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत असं बरेच तज्ज्ञ म्हणतात. आणि आपण नेमकं तेव्हाच त्यांना ‘हलकं’ म्हणून मऊ भात आणि पातळ वरण देतो, संध्याकाळी चहात बुडवलेलं मारी. दात नसतील तर मुगाचं घट्ट वरण द्या, दही द्या, दाण्याचा कूट भाजीत घाला. (मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारून, हे सांगायला नको.)

एक अवघड गोष्टही बोलते. मी अंडं खात नाही, हा माझा प्रश्न. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्याने शाळेतल्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं, असं ठरवलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. ज्या घरांत अंडं आनंदाने खातात पण परवडत नाही, त्या पोरांच्या ताटातून ते काढून घेऊन माझा शाकाहार कसा पवित्र होतो, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. केळं चांगलंच आहे, पण त्यात जेमतेम एक ग्रॅम प्रथिनं आणि अंड्यात सहा. इथे ‘आम्ही शाकाहारी कसे जगलो’ असं लिहायला येणाऱ्यांनी आधी स्वतःच्या आमटीतली डाळ मोजून आकडा टाकावा, मग पुढचं बोलू.

ता. क. चंक्सना वास येतो म्हणणाऱ्यांसाठी: मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, मग गार पाण्याखाली दोन-तीनदा घट्ट पिळून काढा. मिक्सरमधून एकदाच फिरवा. कांदा, आलं-लसूण, टोमॅटो, काळा मसाला, वर दाण्याचा कूट. आमच्याकडे हे भाकरीबरोबर संपतं आणि कुणी विचारल्याशिवाय ते काय आहे हे मी सांगत नाही.