गोफण, हात आणि बॅकस्विंग : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि उत्तर द्यायला मुद्दाम दोन दिवस घेतले. त्याच रात्री लिहायला बसले असते तर भांडणच झालं असतं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये चेंडू ग्लोव्हमधून काढल्यावर काही पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पोरी, हात थेट पुढून वर नेतात. काही जणी तो आधी कमरेच्या मागे झुलवतात आणि मग वर्तुळ सुरू करतात. या मागच्या झोक्याला, म्हणजे बॅकस्विंगला, मागच्या लेखात मी ‘निव्वळ वाया जाणारी हालचाल’ म्हटलं होतं, आणि त्याने बेसवरच्या रनरला पळायला जास्त वेळ मिळतो असंही लिहिलं होतं. त्यावर सरांनी लिहिलं : ‘मॅडम, वीस वर्षांपासून पोट्ट्या तयार करून राहिलो. बॅकस्विंग दिला की बॉलले वेग येते, हे डोळ्यानं पाहिलं आहे. गोफण न फिरवता दगड सोडला तर तो अंगणातच पडन. आणि रनरला जास्त वेळ मिळते म्हणता, तर नियम वाचले काय? पुस्तकातलं फिजिक्स ग्राउंडवर चालत नाही.’

रनरच्या मुद्द्यावर तुम्ही मला सरळ आउट केलंत. फास्टपिचमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटेपर्यंत रनरला बेस सोडताच येत नाही. त्यामुळे पिचरने मागे झोका घेतला काय आणि नाही घेतला काय, त्याला चोरटी धाव घ्यायला एक क्षणही जास्त मिळत नाही. बेसबॉल बघता बघता लिहीत होते, तिथली गोष्ट इथे चिकटवली. लेखातलं ते वाक्य काढून टाकलं आहे. बॅकस्विंग नियमात बसतो की नाही, असंही एका वाचकाने खाली विचारलं होतं. बसतो. वर्तुळ सुरू करण्याआधी हात कमरेच्या मागे नेता येतो. हाताचे फेरे मात्र दीडपेक्षा जास्त चालत नाहीत, आणि ग्लोव्हमधून हात बाहेर काढून झुलवला की तो परत ग्लोव्हमध्ये नेता येत नाही.

आता गोफणीकडे येते, कारण तुमचा खरा मुद्दा तोच आहे आणि तो मला आवडलाही. आजोबांच्या शेतात ज्वारीवरची पाखरं हाकलायला मी गोफण फिरवली आहे, एकदा स्वतःच्याच कानशिलावर दगड घेतला आहे. गोफणीत दगड दोरीच्या टोकाला असतो. प्रत्येक फेऱ्यात मनगट त्याला थोडा थोडा वेग देत जातं, आणि पुरेसा वेग आला असं हाताला वाटलं की आपण दोरीचं एक टोक सोडतो. फेरे किती घ्यायचे याला बंधन नाही. जमवत राहा, मग सोडा.

पिचरचा हात तसा नाही. तिच्याकडे मोजून दीड फेरा आहे आणि त्यात ज्या गोष्टीतून खरा वेग येतो ती एकदाच घडते. मागच्या पायाने प्लेटला, म्हणजे पिचर जिथे उभी राहते त्या पट्टीला, रेटा द्यायचा, शरीर पुढे झेपावतं, हात डोक्यावरून मागे उतरायला लागतो तेवढ्यात पुढचा पाय जमिनीत घट्ट रोवला जातो. धावती बस अचानक थांबली की आतली माणसं पुढे फेकली जातात ना, तसंच. पाय थांबतो, मग कंबर, मग खांदा, मग दंड, आणि प्रत्येक जण थांबताना आपला वेग पुढच्याला देऊन टाकतो. शेवटी मनगट आणि चेंडू उरतो. चाबकाचा फटकारा म्हणतात तो हाच.

मग बॅकस्विंगचा वाटा किती? सर, फिजिक्स ग्राउंडवर चालत नाही म्हणालात, म्हणून हिशेब तुमच्याच बाजूने झुकवून मांडते. धरा, पोरगी ताशी ८० किलोमीटरने चेंडू टाकते, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. झोका मागून पुढे येताना कमरेपाशी चेंडूचा वेग सेकंदाला ४ मीटर झाला असं समजू. नुसता हात मागे आडवा करून खाली पडू दिला तरी साधारण तेवढाच होतो. वेगांची सरळ बेरीज होत नाही, ऊर्जेची होते, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गात जाते. २२ चा वर्ग ४८४, ४ चा वर्ग १६. बेरीज ५००, त्याचं वर्गमूळ २२.४ च्या आत. झोक्यातली सगळी ऊर्जा एक कणही न गमावता चेंडूत उतरली असं मानलं, तरी हाती आला ताशी सव्वा किलोमीटर. तो नाकारायचा नाही, पण एवढ्यासाठी बॅटर चुकत नसते.

तरीही तुम्ही वीस वर्षं डोळ्यांनी जे पाहिलं ते खोटं आहे असं म्हणण्याची माझी हिंमत नाही, आणि इथेच माझा लेख चुकला होता. कारण मीही तेच पाहिलं आहे.

नागपुरात रेशीमबागच्या मैदानावर सकाळी माझ्याकडे एक पोरगी येते, चौदा वर्षांची. मी तिला बॅकस्विंग शिकवलाच नव्हता. ती प्लेटवर खांबासारखी उभी राहायची, हात आधी फिरायचा आणि पाय मागून ‘आलो आलो’ करत यायचा. एक दिवस टीव्हीवर बघून तिने स्वतःच झोका घेतला आणि कॅचर म्हणाली, मॅडम, हात झणझणला. आमच्याकडे रडार गन नाही. फोनच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम घेता येतात, तेव्हा चेंडू हातातून सुटल्यापासून कॅचरच्या ग्लोव्हपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या हा आमचा गरिबाचा उपाय. ८० च्या वेगाला १३.११ मीटरच्या, म्हणजे ४३ फुटांच्या अंतरावर साधारण १२० फ्रेम लागतात. पिचर चेंडू सोडते ती प्लेटच्या बरीच पुढे येऊन, म्हणून इतक्या कमी. वरचा सव्वा किलोमीटर या मोजणीत जेमतेम दोन फ्रेमचा. तिचा फरक त्याहून स्पष्ट जास्त होता.

मग तोच व्हिडिओ पुन्हा बघितला, या वेळी हाताकडे न बघता गुडघ्याकडे. हात मागे जाताना तिचं कंबरेतून वाकणं, मागचा गुडघा दुमडणं, वजन त्या पायावर बसणं, सगळं आपोआप झालं होतं. हात पुढे आला तेव्हा पायही त्याच्याच तालात सुटला. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, चेंडू ग्लोव्हमध्येच ठेव, झोका नको, पण गुडघा तसाच दुमड, वजन तसंच मागे घे आणि मग जा. सुरुवातीचे आठ-दहा चेंडू कुठेही गेले, एक तर पलीकडे व्यायाम करणाऱ्या काकांच्या पायाशी. त्यानंतर फ्रेम झोक्याच्या वेळी आल्या होत्या जवळपास तेवढ्याच आल्या.

एका पोरीवरून शास्त्र होत नाही, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणते. पण मला आता असं वाटतं : वेग झोक्यातून येत नाही, झोका पायाला जागं करतो. ‘वाया जाणारी हालचाल’ हे माझे शब्द मागे घेते. तालासाठी तिचा उपयोग आहे, आणि ज्या पोरीला ताल जन्मजात नाही तिच्यासाठी तो मोठा आहे.

तुम्ही तरुणपणी स्लिंगशॉट पद्धतीने टाकत होतात का, हेही विचारायचं होतं. त्यात पूर्ण वर्तुळ नसतंच. हात मागे वर नेऊन तिथूनच खाली आणतात, म्हणजे मागे नेलेला हात हाच सगळा खेळ. त्या पद्धतीत तयार झालेल्या डोळ्याला बॅकस्विंग म्हणजे वेग असं वाटणं अगदी साहजिक आहे. अंदाज चुकला असेल तर माफ करा.

आता माझी तक्रार. सगळ्या पोरींना एकाच मापाचा, मोठा झोका शिकवू नका. हात फार मागे गेला की तो सरळ रेषेत राहत नाही, पाठीमागे वळतो. मग वर्तुळही तिरकं होतं, खाली येताना हात मांडीवर आपटतो नाहीतर लांबून जातो आणि चेंडू बॅटरच्या बाहेर. माझ्याकडच्या दोघींचा कंट्रोल याच कारणाने महिनाभर गेला होता. आपण मनगटाला दोष देत बसलो, दुखणं कमरेमागे होतं. झोका घ्यायचाच तर हात मांडीला घासून मागे जावा, आणि पंजा खिशाच्या थोडा मागे गेला की पुरे.

खांद्याच्या दुखापतीचं खापर मात्र मी बॅकस्विंगवर फोडणार नाही, हे तुमच्या बाजूने. प्रयोगशाळेतल्या मोजमापात विंडमिल, म्हणजे पूर्ण वर्तुळाच्या, पिचच्या वेळी खांद्याला बाहेर ओढणारं बल शरीराच्या वजनाच्या जवळपास जातं असं दिसलं आहे, पण ते हात वरून खाली येऊन चेंडू सुटतो त्या टप्प्यात. झोका तेव्हा कधीच संपलेला असतो. ‘खालून टाकतात म्हणजे खांद्याला त्रास नाही’ म्हणत एकाच पोरीकडून दिवसभरात तीन-तीन सामने टाकून घेतले जातात, त्यावर वेगळं लिहीन. त्या लेखावरही तुम्ही रागवालच.

तुम्ही शहरातच असता असं प्रतिक्रियेवरून वाटलं. रविवारी सहाला रेशीमबागला या, साडेआठच्या पुढे ऊन उभं राहू देत नाही. तुमच्या दोन पोट्ट्या आणा, माझ्या दोघी आहेत. चौघींना झोक्यासह आणि झोक्याशिवाय दहा-दहा चेंडू टाकायला लावू, फ्रेम तुम्ही मोजा. तर्री-पोहे माझ्याकडून. आमच्या कॅचरच्या ग्लोव्हची दोरी तुटली आहे, जास्तीचा असेल तर तेवढा घेऊन या.